सभेची परवानगी कोणाकडे मागायची?

लातूरच्या चाचांशी माझा हा वाद जुना आहे. ते माझ्या वडिलांचे कोर्टातले सोबती. जन्मभर दिवाणी वकिली केली. आता नजर अधू झाल्यामुळे वाचन सुटलंय, पण उलटतपासणीची सवय सुटलेली नाही. मी नांदेडला इतिहास शिकवते. भांडणाचा मुद्दा एकच. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं, मध्य प्रांत-वऱ्हाडात डॉ. ना. भा. खऱ्यांचं. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या नांदेड-लातूरच्या माणसाला आपलं सरकार निवडायला १९५२ची निवडणूक उजाडावी लागली. मधली पंधरा वर्षं कोणी खाल्ली? चाचांचं बोट निजामाकडे आहे. माझं बोट निजामाला उभं ठेवणाऱ्या इंग्रजांकडे.

यंदा मराठवाडा मुक्तिदिनाच्या व्याख्यानाला मी लातूरला गेले होते. तिथे मी दमास्कसचा दाखला दिला. चाचा पहिल्या रांगेत होते, आणि तो दाखला त्यांना अजिबात पटला नाही. घरी गेल्यावर त्यांनी चहा यायच्या आधीच विषय काढला.

चाचा : आपल्या मुक्तिदिनाला सीरिया कशाला आणलास बेटा?

मी : आपण ज्या काळाबद्दल भांडतो त्याच काळातली ती गोष्ट आहे म्हणून. पहिल्या महायुद्धात तुर्कांचं राज्य कोसळलं. १९१९ साली दमास्कसला लोकप्रतिनिधींची काँग्रेस भरली. ८ मार्च १९२०ला तिने सीरिया स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं आणि फैजलला राजा केलं, पण घटनेने हात बांधलेला राजा. दोन सभागृहांची संसद ठरत होती, घटनेचा मसुदा कलमवार चर्चेला आला होता. काँग्रेसचं अध्यक्षपद पुढे रशीद रिदा यांच्याकडे आलं, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे गाढे पंडित. आलिम, वकील, जमीनदार एका छपराखाली बसून राजाला किती अधिकार द्यायचे यावर वाद घालत होते. आणि तिकडे एप्रिलमध्ये इटलीतल्या सान रेमोला इंग्रज-फ्रेंचांनी वाटणी उरकली, सीरिया फ्रान्सच्या वाट्याला गेला. जुलैत जनरल गूरोची फौज चालून आली. २४ जुलैला मैसलूनला सीरियाचे युद्धमंत्री युसुफ अल-अझ्मा लढताना पडले, आणि फ्रेंच दमास्कसमध्ये शिरले. अरबांना लोकशाही झेपत नाही, असं आज कोणीही सहज म्हणून जातं. झेपते की नाही हे बघायची वेळच त्यांना दिली गेली नाही.

चाचा : यातलं एक अक्षरही मी नाकारत नाही. पण तिथे घटना लिहिणाऱ्यांवर परकी फौज आली. इथे घटना लिहायला बसूच दिलं नाही, आणि बसू न देणारा परका नव्हता. त्याचं घराणं सव्वादोनशे वर्षं दख्खनमध्ये राज्य करत होतं. दमास्कसवर झालेल्या अन्यायाच्या आडोशाला निजाम उस्मान अली खानला उभं करू नकोस. त्याचा हिशेब वेगळा झाला पाहिजे.

मी : आडोसा नाही देत. त्याच महायुद्धात तो कुठे होता ते बघा. १९१४ साली तुर्की खलिफा एका बाजूला आणि इंग्रज दुसऱ्या बाजूला असताना त्याने मुसलमान प्रजेला इंग्रजांशी इमान राखायला सांगितलं. पैसा ओतला. हैदराबाद लान्सर्सचे घोडेस्वार पॅलेस्टाइनच्या मोहिमेत गेले. १९१८ साली त्याला 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा किताब मिळाला, जो दुसऱ्या कुठल्याच संस्थानिकाला नव्हता. ज्या साम्राज्याने दमास्कसची घटना सान रेमोला विकली, त्यानेच इथे हा किताब दिला. एका ठिकाणी लोकांनी निवडलेली सभा मोडायची, दुसऱ्या ठिकाणी कोणीच न निवडलेला राजा मिरवायचा. दोन्हींमागे हेतू एकच होता.

चाचा : किताब घेणाऱ्याने हात पुढे केला होता ना?

मी : हात पुढे केल्याशिवाय त्याचं तख्त टिकणार नव्हतं. १८००च्या तहातली तैनाती फौज बाहेरच्या शत्रूसाठी होती तशी राज्यातली बंडं मोडायलाही होती. हे कलम कागदावर राहिलं नाही. आमच्या नांदेड जिल्ह्यात, हदगाव तालुक्यात, नाव्ह्याची गढी आहे. हटकरांचे नौसाजी नाईक तिथून निजामाला जुमानत नव्हते. १८१९च्या जानेवारीत मेजर पिटमनच्या हाताखालच्या फौजेने तोफा लावून ती गढी घेतली. आतली शिबंदी बरीचशी अरबांची होती, आणि त्यातले बहुतेक जण तिथेच कापले गेले. लढले निजामाच्या नावाने, हुकूम देणारे इंग्रज अधिकारी. ज्या राजाला प्रजेच्या रागाची भीती उरत नाही, कारण ती भीती दुसऱ्याची फौज परस्पर निस्तरते, त्याला प्रजेशी बोलायची गरज काय? मुघल काळात किंवा मराठ्यांच्या काळात रयत फारच पिळली गेली तर गाव सोडून जायची, पाटील-देशमुख उलटायचे, राजाला नमतं घ्यावं लागायचं. तो धाक तैनाती फौजेने काढून टाकला.

चाचा थोडे थांबले. नाव्ह्याची हकीकत त्यांना माहीत नव्हती, आणि माहीत नसलेल्या पुराव्यावर लगेच बोलायचं नाही हा त्यांचा नेम आहे. मग त्यांनी वेगळीच बाजू लावली, आणि मला वाटतं त्या संध्याकाळचा त्यांचा सगळ्यांत जड मुद्दा हाच होता.

चाचा : हदगावचंच घेऊ. हदगावहून पैनगंगा ओलांडली की उमरखेड. उमरखेड कोणाचं?

मी : वऱ्हाडात. यवतमाळ जिल्हा.

चाचा : वऱ्हाड कोणाचं? १८५३ साली कंटिंजंट फौजेच्या थकबाकीपोटी निजामाकडून लिहून घेतलं, १९०२ साली कर्झनने कायमच्या पट्ट्याने घेतलं. पण मालकी निजामाचीच राहिली. १९३६च्या करारात इंग्रजांनी ती पुन्हा लेखी मान्य केली, युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणू लागले. कायद्याने बघितलं तर उमरखेडही निजामाचं आणि हदगावही निजामाचं. आता सांग, १९३७ साली उमरखेडच्या ज्या शेतकऱ्याचा शेतसारा पुरेसा होता त्याने मत दिलं की नाही?

मी : दिलं.

चाचा : आणि हदगावच्या?

मी : नाही.

चाचा : एकाच मालकाची जमीन, एकच बोली, मधे एक नदी. जिथे कारभार इंग्रजांचा तिथे मत, जिथे कारभार निजामाचा तिथे गश्ती, म्हणजे सरकारी हुकूम. आमच्याकडेही तेच. बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरहून निघायची, बार्शीला पोचली की इंग्रजी मुलूख. इकडे करोडगिरीवाले सामान उचकणार, हाली रुपया देऊन कलदार घ्यावा लागणार. पण उतरल्यावर सभेला उभं राहायला कोणाचा कागद लागायचा नाही. मी इंग्रजांचा भाट नाही. पण मुकदमा चालवायचा तर हा पुरावा तुझ्या विरुद्ध जातो.

मी : हा पुरावा माझ्याच बाजूचा आहे चाचा. इंग्रजांनी उमरखेडला मत दिलं ते खुशीने नाही. असहकार, सविनय कायदेभंग, लाठ्या, तुरुंग, एवढं सगळं झाल्यावर दिलं. आणि जे दिलं त्याला वेसण घालायला संस्थानिकच वापरले. १९३५च्या कायद्यात संघराज्य होतं ना? त्यात ब्रिटिश हिंदुस्थानातले सभासद निवडलेले, संस्थानांतले राजाने नेमलेले. दिल्लीच्या सभागृहात काँग्रेसला बहुमत मिळू नये म्हणून ही नेमलेल्यांची भिंत. निजामातर्फे सर अकबर हैदरी गोलमेज परिषदेत त्याच वाटाघाटींसाठी लंडनला बसले होते. महायुद्ध आलं आणि ते संघराज्य बारगळलं, ही गोष्ट निराळी. पण हदगावला मत नसणं हे इंग्रजांच्या बेताचा भाग होतं. उमरखेडला सोडलेला लगाम हदगावला आवळून धरायचा होता.

चाचा : बेत त्यांचा असेल. नाही म्हणायची मुभा निजामाला होती.

मी : कितपत? १९२५ साली त्याने वऱ्हाड परत मागितलं, बरोबरीच्या नात्याने बोलू म्हणाला. २७ मार्च १९२६ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगचं उत्तर आलं. ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, ती नुसत्या तहांवर उभी नाही, आणि कोणत्याही संस्थानिकाने बरोबरीची भाषा करू नये, असा त्याचा मथितार्थ. त्यावर न थांबता महसूल आणि पोलीस या खात्यांवर ब्रिटिश अधिकारी घ्यायला लावले. मी विद्यार्थ्यांना हेच विचारते. ज्यांना हैदराबादच्या पोलिसांचा प्रमुख कोण असावा हे ठरवता येत होतं, त्यांना त्याच पत्रात एक ओळ घालून निवडलेलं कायदेमंडळ मागता आलं नसतं? सारा गोळा करणं आणि दंगा मोडणं, एवढ्याच दोन गोष्टींत त्यांना रस होता. लोकांना बोलायला जागा मिळते का, हा प्रश्न संस्थानाच्या अंतर्गत कारभाराचा ठरला.

इथे चाचांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या. चाचांनी कप उचलला, ठेवला.

चाचा : औंध ठाऊक आहे ना?

मी हसले, कारण हे येणार हे मला माहीत होतं.

चाचा : हसू नकोस. साताऱ्याकडचं संस्थान, बहात्तर गावांचं. तिथेही इंग्रजांचा रेसिडेंट, तीच सार्वभौम सत्ता, तेच व्हाइसरॉय. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली जाहीर केलं की राज्य प्रजेच्या हाती देतो. गांधीजींचा सल्ला घेतला, मॉरिस फ्रिडमन मदतीला होता, मुलगा अप्पासाहेब बॅरिस्टर होऊन आलेला. १९३९च्या जानेवारीत घटना लागू झाली. गावपंचायतीपासून वर. राजाने आपला तनखा स्वतःहून बांधून घेतला. इंग्रजांनी काय केलं? काही नाही! १९३८ साली तर पार्लमेंटमध्ये त्यांचा मंत्री सांगून बसला होता की संस्थानिकांनी सुधारणा दिल्या तर आम्ही आडवे येणार नाही. औंधच्या राजाकडे सोळावा हिस्साही पैसा नव्हता, तरी त्याने दिलं. निजामाकडे ब्याऐंशी हजार चौरस मैलांचं राज्य, स्वतःचं चलन, स्वतःची रेल्वे, स्वतःचं विद्यापीठ. त्याने मनात आणलं असतं तर दमास्कसच्या फैजलसारखं घटनेतलं राज्यपद त्याला घरबसल्या मिळालं असतं. आणि फैजलवर फ्रेंच चालून आले तसे त्याच्यावर इंग्रज येणार नव्हते.

मी : औंधात बहात्तर गावं होती म्हणूनच इंग्रजांनी दुर्लक्ष केलं. दीड कोटीहून जास्त लोकवस्तीच्या हैदराबादने तेच केलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

चाचा : येत नाही, कारण निजामाने करून पाहिलं नाही. जे घडलंच नाही त्याबद्दल इंग्रजाला शिक्षा देता येत नाही बेटा. ज्याने टाळलं त्याला देता येते.

याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं आणि आजही नाही. औंधचं उदाहरण मी वर्गातही सांगते, आणि प्रत्येक वेळी ते माझ्या मांडणीला टोचतं. म्हणून मी ज्या गोष्टीला धरून बोलू शकते तिच्याकडे वळले, म्हणजे १९३७-३८ची दोन वर्षं.

मी : ठीक आहे. मग लोकांनी काय मागितलं होतं ते बघू. जून १९३७, परतूर. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष गोविंदराव नानल. पुढच्या वर्षी दुसरं, तुमच्या लातूरला. स्वामी रामानंद तीर्थ तोवर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातली मास्तरकी करता करता या कामात पुरते ओढले गेले होते. ही परिषद भरवणं म्हणजे काय होतं ते आजच्या मुलांना कळत नाही. गश्ती निशाण ५३. सभा घ्यायची तर आधी सरकारची लेखी परवानगी. खासगी शाळा काढायची तर परवानगी. तालमीचा आखाडा घालायचा तरी परवानगी. म्हणून पुढारी मंडळी शिक्षण, साहित्य, शेतकऱ्यांच्या अडचणी असे विषय लिहून अर्ज करायची. आ. कृ. वाघमाऱ्यांचं 'मराठवाडा' साप्ताहिक पुण्याहून निघायचं, इकडे बंदी आली की नाव बदलून पुन्हा यायचं. एवढ्या कोंडीतूनही लोक एका जागी जमले आणि १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची तयारी झाली. तिचं ध्येय काय होतं चाचा?

चाचा : जबाबदार राज्यपद्धती.

मी : आसफजाही घराण्याच्या छत्राखाली. हे पुढचे शब्द लोक विसरतात. तख्त उलथायचं नव्हतं, भारतात विलीन व्हायचं अजून नव्हतं. राजा राहू दे, मंत्री आमच्या प्रतिनिधींना जबाबदार असू देत. दमास्कसने १९२०ला जे लिहिलं तेच नांदेड-लातूरने १९३८ला मागितलं. आणि ७ सप्टेंबर १९३८ला, संघटना रीतसर स्थापन होण्याच्या आधीच, तिच्यावर बंदी आली. जन्माला यायच्या आधी बंदी! २४ ऑक्टोबरला नानलांनी सत्याग्रहाची पहिली तुकडी नेली, मागोमाग स्वामीजी तुरुंगात गेले. नोव्हेंबरमध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणाल्याबद्दल पोरं बाहेर काढली, त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. बंदी उठली १९४६ला. तेव्हा रेसिडेंट कुठे होता? रेसिडेन्सीतच होता की.

चाचा : आणि बंदीच्या हुकमावर सही कोणाची होती? हैदरींच्या सरकारची. कारण काय दिलं? संघटना जातीय आहे म्हणून. ज्या संघटनेत राज्यातली बहुसंख्य प्रजा आहे तिला जातीय म्हणायचं आणि मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनला मोकळं रान द्यायचं. ही चलाखी इंग्रजांनी शिकवली असेल, राबवली आमच्या लोकांनी. सुधारणांचं सांगतो. १९३७ला अरवमुदु अय्यंगार समिती नेमली, १९३९च्या जुलैत सुधारणा जाहीर झाल्या. पंच्याऐंशी जणांचं कायदेमंडळ, त्यात निवडलेले बेचाळीस. ते बेचाळीसही गावागावातून नाही, धंद्यावार. जहागीरदारांचे इतके, वकिलांचे इतके, व्यापाऱ्यांचे इतके. हिंदू-मुसलमान समसमान. मंत्रिमंडळ मात्र निजामालाच जबाबदार. आणि तेही युद्धाचं निमित्त करून १९४६पर्यंत लांबवलं. आता मी मुसलमान म्हणून सांगतो. या समसमान जागांनी माझ्या आजोबांना काय दिलं? ते लातूरच्या गंजगोलाई बाजारात अडतीवर हिशेब लिहायचे. जहागीरदारांच्या मतदारसंघात ते नव्हते, वकिलांच्या नव्हते. मजलिसने त्यांना शिकवलं की राज्य तुमचं आहे, प्रत्येक मुसलमान इथला राज्यकर्ता आहे. अडतीवर हिशेब लिहिणारा राज्यकर्ता! मत नाही, खुर्ची नाही, जमीन नाही, नुसता अभिमान. १९३८लाच खरी निवडणूक झाली असती तर आजोबा आणि त्यांच्या शेजारचा लिंगायत आडत्या एकाच उमेदवाराकडे बाजारपट्टीची तक्रार घेऊन गेले असते. तेवढीच राजकारणाची शाळा त्यांना हवी होती. ती मिळाली नाही, आणि त्या रिकाम्या जागेत कासिम रझवी आला.

रझवीचं नाव लातूरमध्ये आजही खालच्या आवाजात घेतात. चाचांनी ते घेतलं तेव्हा आवाज उतरवला नाही.

चाचा : ज्या लातूरच्या कोर्टात मी उभा राहिलो तिथेच तो वकिली करायचा. १९४६ला मजलिसचा अध्यक्ष झाला. अलीगढला शिकलेला, बोलायला बेफाम. एरवी असा माणूस एखाद्या तालुक्याचा आमदार झाला असता, दोनदा निवडून आला असता, तिसऱ्यांदा पडला असता. राज्यात मतपेटीच नव्हती, म्हणून त्याच्या हातात मजलिसची रझाकार सेना आली. त्याने निजामालाच ओलीस धरलं.

मी : मतपेटी नव्हती म्हणून आमच्या बाजूलाही बंदुका आल्या. गोविंदराव पानसऱ्यांना १९४६ला बिलोलीजवळ अर्जापूरला मारलं. उमरखेडला सरहद्दीवरचं शिबिर उभं राहिलं ते त्यानंतर. रझाकारीत गावंच्या गावं उठून पैनगंगेपलीकडे गेली, बायका-पोरं घेऊन. शोएबुल्ला खान मुसलमानच होते ना? 'इमरोज'मधून भारतात सामील व्हा म्हणाले, ऑगस्ट १९४८ला हैदराबादच्या रस्त्यात त्यांना संपवलं. आणि या दोन वर्षांत इंग्रज काय करत होते ते ऐका. १२ मे १९४६चा कॅबिनेट मिशनचा खलिता. आमची सार्वभौम सत्ता आम्ही जाताना कोणाच्या हवाली करणार नाही, ती नाहीशी होईल. दीडशे वर्षं ज्याचा प्रत्येक कारभारी तपासून घेतला त्याला एका रात्रीत सांगितलं, तू मोकळा. सर वॉल्टर माँक्टन नावाचे लंडनचे नामांकित बॅरिस्टर त्याचे सल्लागार. मुख्तारपत्र दीडशे वर्षं वापरायचं आणि जमाखर्च न देता फाडून टाकायचं. कोर्टात याला काय म्हणतात चाचा?

चाचा : विश्वासघात म्हणतात. आणि दावा लागू होतो. इथे तुझं ऐकतो. पण त्याच माँक्टनने १९४८च्या जूनमध्ये दिल्लीशी बसून जो मसुदा केला होता त्यात जबाबदार सरकार होतं. निजामाने सही केली नाही. शेवटची वेळ होती ती. इंग्रज निघून गेलेला, रेसिडेंट उरलेला नाही, अडवायला कोणी नाही. समोर कागद, हातात कलम. आणि त्याने कलम खाली ठेवलं. ते आम्ही भोगलं.

मला कळलं की आता ते कायद्याचं बोलत नाहीत.

चाचा : १३ ते १७ सप्टेंबर. पाच दिवसांत भारत सरकारची पोलीस ॲक्शन संपली. रझवी पकडला गेला, नऊ वर्षांनी सुटून पाकिस्तानला गेला. निजाम १९५०ला राजप्रमुख झाला, १९५६पर्यंत राहिला. आणि लातूरचे मुसलमान? तू सुंदरलाल समितीचा अहवाल वाचला आहेस. नेहरूंनीच पाठवली होती ती समिती, पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार. काय लिहिलंय?

मी : ॲक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानभर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज. सर्वांत जास्त झळ लागलेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूरबद्दल लिहिलंय की वीसहून जास्त दिवस हे चाललं होतं. सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी समितीला जेमतेम तीन हजार शहरात दिसले.

चाचा : त्या तीन हजारांत माझे आजोबा होते. शेजारच्या आडत्याने त्यांना कापसाच्या गोदामात ठेवलं, भाकरी पोचवली. मला हे सांगताना कोणाकडून दया नको. मी एवढंच म्हणतो की रझाकाराने जे केलं त्याची किंमत रझाकार नसलेल्याने दिली, आणि लोकशाही वेळेवर न येण्याचा हा खर्च तुझ्या १८००च्या तहात लिहिलेला नाही. तो निजामाच्या नावावर आहे.

मी : तो खर्च गावं सोडून पैनगंगेपलीकडे गेलेल्यांनीही दिला. दोन्ही लिहिले पाहिजेत.

चाचा : लिही की. मी कधी नको म्हणालो?

मी : आणि मी इंग्रजांचं नाव काढते ते कोणाचं पाप धुवायला नाही. १९३८ला परतूर-लातूरच्या मागणीला वाव मिळाला असता तर १९४८ला फौज पाठवायची वेळच आली नसती. तो वाव बंद करणाऱ्या दाराला दोन कड्या होत्या. आतली निजामाची, बाहेरची इंग्रजांची. तुम्ही आतल्याबद्दल बोलता, मी बाहेरच्याबद्दल.

चाचा : आणि तिसरी? ॲक्शननंतर जनरल चौधरींची लष्करी राजवट, १९५०पासून वेल्लोदी. आयसीएस अधिकारी, नेमलेला मुख्यमंत्री. १९५२ला कुठे बुर्गुल रामकृष्णरावांचं निवडलेलं सरकार आलं. त्या साडेतीन वर्षांत ना निजामाची सत्ता होती ना इंग्रजांची.

मी : जहागिऱ्या त्याच काळात खालसा झाल्या. निजामाची खासगी जमीन, सर्फ-ए-खास, सरकारजमा झाली. मतदारयाद्या तयार व्हायच्या होत्या.

चाचा : ते मान्य. याद्यांना वेळ लागतो. पण सुंदरलाल समिती १९४८च्या डिसेंबरात गावं फिरून परत गेली होती. तिचा अहवाल लोकांपुढे यायला कित्येक दशकं लागली. त्याला मतदारयादी लागत नव्हती. तो छापायला कोणत्या रेसिडेंटने अडवलं होतं?

मी : कोणत्याच नाही. तो आपल्याच सरकारने ठेवून घेतला. आणि १९५२नंतरची सरकारं तर आपण निवडून दिलेली होती.